बीबीडीवरचा आळ : हाताने बांधलेल्या एका ॲनालॉग डिले पेडलचं प्रकरण

ॲनालॉग डिले पेडल म्हणजे गिटारचा आवाज थोडा उशिराने, एकोसारखा परत ऐकवणारी पेटी. ते नीट चाललं नाही की पहिला आळ येतो तो हा उशीर घडवणाऱ्या चिपवर, म्हणजे बीबीडी (बकेट-ब्रिगेड डिव्हाइस) या आयसीवर. पेडलमधला तोच सगळ्यात महाग भाग आणि मिळायलाही तोच अवघड. शिवाय जुन्या आयसींवर नवे छाप मारून विकले जातात हे बांधणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर असतं, त्यामुळे संशयाला जागा तयारच असते. इथे ज्या पेडलची हकीकत मांडतो आहे, त्यातला बीबीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ठणठणीत होता. दोष त्याच्या आजूबाजूला होते. ते एकात एक गुंतले होते आणि एकाचं लक्षण दुसऱ्याच्या नावावर खपत होतं. प्रकरण सविस्तर लिहायचं कारण हेच. एकेक दोष किरकोळ होता, पण त्यांना वेगळं कसं करायचं हा प्रश्न प्रत्येक डिले बांधणाऱ्यापुढे कधीतरी येतोच.

पेडल बांधणारी माझी मैत्रीण गिटार वाजवते. फझ, ओव्हरड्राइव्ह आणि ट्रेमोलो ही पेडलं तिने आधी बांधली आहेत. सोल्डरिंग स्वच्छ, वायरी मापात कापलेल्या, सगळे आयसी सॉकेटवर. ‘ड्राय, म्हणजे मूळचा आवाज येतो, एको अजिबात येत नाही. चिपच खोटी निघाली असणार,’ एवढं सांगून तिने पेडल माझ्यासमोर ठेवलं आणि नवा बीबीडी मागवायचा का, असं विचारलं. मी थांबायला सांगितलं.

रचना काय होती

सर्किट नेहमीच्या पठडीतलं होतं. आधी इनपुट बफर, तिथून दोन वाटा. एका वाटेने ड्राय सिग्नल थेट मिक्सरकडे जातो. दुसऱ्या वाटेवर एसए५७१ या आयसीचा अर्धा भाग कॉम्प्रेसर (आवाजाच्या चढउताराचा आवाका आवळणारा) म्हणून, मग एक लो-पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेच्या वरचं अडवणारा), मग व्ही३२०५ हा बीबीडी, त्याच्यामागे आणखी दोन लो-पास फिल्टर, मग एसए५७१चा उरलेला अर्धा भाग एक्स्पांडर (तोच आवाका परत उलगडणारा) म्हणून, आणि शेवटी मिक्सर. एक्स्पांडरच्या आउटपुटवरून रिपीटचा, म्हणजे एको किती वेळा परत यायचा हे ठरवणारा, पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) थोडा सिग्नल परत कॉम्प्रेसरच्या तोंडाशी नेऊन सोडतो. बीबीडीला क्लॉक, म्हणजे ठरावीक वेगाचे विद्युत ठोके, देण्याचं काम व्ही३१०२ या आयसीकडे. बफर-फिल्टरांतले ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारे आयसी) सगळे टीएल०७२.

बीबीडीची कल्पना १९६९ साली फिलिप्सच्या संशोधन प्रयोगशाळेत सँग्स्टर आणि टीअर यांनी मांडली. आत कपॅसिटरांची लांबलचक रांग असते आणि क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला विद्युतभार एका कपॅसिटरमधून पुढच्यात सरकतो. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसं. व्ही३२०५मध्ये असे ४०९६ टप्पे आहेत. हा मात्सुशिता या जपानी कंपनीच्या एमएन३२०५ या मूळ आयसीचा आजचा अवतार. टप्प्यांच्या संख्येला क्लॉकच्या वारंवारतेच्या दुपटीने भागलं की डिलेचा काळ मिळतो. म्हणजे १०० किलोहर्ट्झला सुमारे २०.५ मिलिसेकंद, १० किलोहर्ट्झला सुमारे २०५ मिलिसेकंद. तिच्या पेडलमध्ये डिले ४० ते ३०० मिलिसेकंदांपर्यंत जायला हवा होता. ३०० मिलिसेकंदांसाठी क्लॉक उतरतो ६.८ किलोहर्ट्झवर. माहितीपत्रकातली खालची मर्यादा १० किलोहर्ट्झ आहे, तरी इतकं खाली जाणं पेडलांच्या जगात रूढ आहे. बॉस कंपनीचं १९८१चं डीएम-२ हे पेडल ४०९६ टप्प्यांच्या एकाच आयसीवर ३०० मिलिसेकंदांपर्यंत जात असे.

६.८ किलोहर्ट्झ हा आकडा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचं सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं. ही वारंवारता माणसाच्या कानाला स्वच्छ ऐकू येते. म्हणजे डिले लांबवला की क्लॉक आवाजाच्या पट्ट्यात येऊन बसतो, आणि त्याला बाहेर ठेवायचं काम फक्त फिल्टरांचं उरतं. दुसरं असं की, क्लॉकच्या निम्म्याहून वरचा, म्हणजे इथे ३.४ किलोहर्ट्झच्या वरचा सिग्नल बीबीडीत शिरलाच, तर तो उलटा वळून खालच्या पट्ट्यात बेसूर होऊन पडतो. ४ किलोहर्ट्झचा सूर आत गेला तर २.८ किलोहर्ट्झचा बाहेर येतो, आणि मूळ सुराशी त्याचं काही नातं नसतं. म्हणून बीबीडीच्या आधी एक फिल्टर हवा आणि नंतरही हवा. कॉम्प्रेसर-एक्स्पांडरची जोडी बीबीडीची खरखर दाबण्यासाठी. थोडक्यात, या पेडलमधला जवळजवळ प्रत्येक भाग बीबीडीच्या कुठल्यातरी उणिवेवर पहारा देतो. एखादं लक्षण ऐकलं की ‘कुठला पहारेकरी झोपला?’ असं विचारावं. आयसी खरा की खोटा हा प्रश्न त्यानंतरचा.

एको नव्हताच

हा भाग पटकन उरकला. बीबीडीच्या सप्लायच्या पायावर ८.७ व्होल्ट. व्हीजीजीच्या (आतल्या गेटांना लागणाऱ्या व्होल्टेजच्या) पायावर ८.१ व्होल्ट, आणि तो सप्लायच्या पंधरातल्या चौदा भागांइतका असायला हवा, म्हणजे बरोबर. क्लॉकच्या दोन्ही पायांवर साधा मल्टिमीटर डीसीवर लावला तर ४.३ व्होल्ट. ऑसिलोस्कोप नसलेल्यांसाठी ही युक्ती फार कामाची आहे. क्लॉक निम्मा वेळ वर आणि निम्मा वेळ खाली असतो, म्हणून मीटर सरासरी म्हणजे सप्लायच्या निम्मं दाखवतो. शून्य किंवा पूर्ण सप्लाय दिसला तर क्लॉक अडकलेला आहे. मीटरवर हर्ट्झची सोय असेल तर वारंवारताही तिथेच वाचता येते.

मग ऑडिओ प्रोब. एका वायरच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडायचा, दुसरं टोक ॲम्पकडे, ग्राउंड सामाईक, आणि सर्किटमध्ये एकेका ठिकाणी टोक टेकवून ऐकत जायचं. बीबीडीच्या इनपुटपर्यंत गिटार ऐकू येत होती, आउटपुटवर शांतता. इथेच ‘चिप गेली’ असं वाटतं. पण इनपुटच्या पायावरचा डीसी व्होल्टेज पाहिला तर बायसचा (सिग्नल ज्या स्थिर व्होल्टेजवर बसतो त्याचा) ट्रिमर, म्हणजे बोर्डवरचा छोटा पॉट, एका टोकाला जाऊन बसलेला. बीबीडीला इनपुटवर ठरावीक बायस नसेल तर सिग्नल एकही टप्पा ओलांडत नाही. प्रत्येक नगाला हा बिंदू थोडा वेगळा लागतो, म्हणूनच तिथे पक्क्या रेझिस्टरऐवजी ट्रिमर असतो. नव्याने बांधलेलं पेडल पहिल्यांदा मुकं असणं हा दोष धरूच नये.

गिटार वाजवत ट्रिमर हळूहळू फिरवला. आधी चिरकट फाटलेला एको आला, मग स्वच्छ झाला, मग पुन्हा फाटला आणि गेला. स्वच्छ पट्टा सप्लायच्या निम्म्याच्या आसपास होता. त्याची मधली जागा काढायला सिग्नल मोठा करत जायचं. पट्टा अरुंद होत जातो आणि फाटणं दोन्ही बाजूंनी सारखंच जवळ येतं, तिथे थांबायचं. डिले सर्वांत लांब ठेवूनही हे एकदा तपासावं, कारण क्लॉक हळू झाला की विद्युतभार प्रत्येक कपॅसिटरमध्ये जास्त वेळ थांबतो, थोडा गळतो, आणि बिंदू किंचित सरकतो.

खोट्या चिपचा मुद्दा इथेच संपला. एको आला, त्याचा काळ सूत्राप्रमाणे होता, म्हणजे आत ४०९६ टप्पे आहेत आणि ते काम करताहेत.

एको आला आणि तक्रारी सुरू झाल्या

आता तीन गोष्टी एकदम ऐकू येत होत्या. डिलेचा नॉब लांब टोकाला नेला की बारीक, टोचणारी शिट्टी. प्रत्येक रिपीटवर काचेवर नख घासल्यागत किरकिराट. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात विचित्र होती. रिपीट कमी होत होत जायला हवेत, ते एका बारीक पातळीपर्यंत उतरत आणि तिथेच अडकून राहत. रिपीटचा नॉब जेमतेम अर्ध्यावर असतानाही खरखरीचं शेपूट विरतच नसे.

मैत्रिणीचा अंदाज होता की रिपीटची वाट जास्त गरम आहे, म्हणजे सिग्नल जास्त जोरात परत नेते आहे, तिथला रेझिस्टर वाढवावा. वरवर पाहता हे पटण्यासारखं आहे. पण फीडबॅकच्या वर्तुळात कुठलाही दोष सगळीकडे ऐकू येतो, कारण तो फिरून फिरून पुन्हा येतो. वर्तुळ चालू ठेवून कारण शोधणं म्हणजे वेळ घालवणं. म्हणून आधी रिपीटच्या वाटेतल्या रेझिस्टरचा एक पाय उचलला. नॉब शून्यावर नेण्यापेक्षा पाय उचलणं खात्रीचं, कारण पॉट पूर्ण शून्याला जातोच असं नाही.

वर्तुळ तोडल्यावर शेपूट गेलं. शिट्टी आणि किरकिराट राहिले. शिट्टीचा सूर डिलेच्या नॉबबरोबर वरखाली सरकत होता, म्हणजे तो क्लॉकच. पेडल बॅटरीवर चालवलं तरी शिट्टी तशीच, म्हणजे ॲडॅप्टर निर्दोष. हे बॅटरीचं पाऊल कधी गाळू नये. एकाच सप्लायवर दोन क्लॉकवाली पेडलं असली तर त्यांच्या वारंवारतांच्या फरकाची वेगळीच शिट्टी ऐकू येते, आणि माणूस निष्कारण पेडल उघडून बसतो.

आता क्लॉक बाहेर कुठून येतो? दोन वाटा शक्य आहेत. बीबीडीच्या आउटपुटमधून सिग्नलबरोबर, किंवा सप्लाय, ग्राउंड आणि वायरींमधून आडवाटेने. अनेक जण इथे बीबीडी सॉकेटमधून उपसून बघतात : शिट्टी गेली तर ती आउटपुटमधून येत होती, असा निष्कर्ष. ही चाचणी अर्धवट आहे. ४०९६ टप्प्यांच्या बीबीडीचे क्लॉकचे पाय ड्रायव्हरला, म्हणजे क्लॉक देणाऱ्या व्ही३१०२ला, काही हजार पिकोफॅरडचा भार वाटतात, आणि क्लॉकच्या प्रत्येक कडेला तो भरताना-रिकामा करताना प्रवाहाचा झटका सप्लाय आणि ग्राउंडमधून जातो. आयसी उपसला की हा झटकाही थांबतो. म्हणजे दोन्ही वाटा एकदम बंद होतात आणि काहीच कळत नाही.

म्हणून बीबीडी जागेवर ठेवला आणि त्याचे दोन्ही आउटपुट जिथे एकत्र होतात, त्या जागेपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टेकवला, धन बाजू आउटपुटकडे. डीसी जागच्या जागी राहतो, झटके चालू राहतात, फक्त आवाजाची वाट बंद होते. शिट्टी एकदम खाली गेली, पण पूर्ण गेली नाही. एक बारीक तंतू राहिला, आणि डिले लेव्हलचा (एको किती मिसळायचा त्याचा) नॉब शून्यावर नेला तरी तो हलला नाही. म्हणजे शिट्टी एक नव्हती, दोन होत्या. मोठी आउटपुटच्या वाटेवरची. बारीक थेट ड्राय वाटेत घुसलेली.

मोठी शिट्टी

बीबीडीला दोन आउटपुट असतात आणि ते एकमेकांपेक्षा अर्ध्या ठोक्याने पुढेमागे चालतात. एकत्र केले की क्लॉकचा मोठा भाग आपसांत खोडला जातो. इथे त्यांच्यामध्ये बॅलन्सचा ट्रिमर होता. तो फिरवून शिट्टी थोडी कमी झाली, पण लक्षणीय नाही. उरतात फिल्टर.

बीबीडीनंतरचे दोन्ही फिल्टर सारखेच होते : सॅलन-की (ऑप-ॲम्पभोवतीची फिल्टरची नेहमीची रचना), १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, ८.२ आणि ३.९ नॅनोफॅरडचे कपॅसिटर. हिशोबाने कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून अडवायला लागतो ती वारंवारता, सुमारे २.८ किलोहर्ट्झ येतो. तिने मोबाइलवरच्या साइन जनरेटर ॲपमधून सूर काढला, बीबीडी आता खरोखरच उपसून ठेवला, आणि कपलिंग (डीसी अडवून फक्त सिग्नल सोडणाऱ्या) कपॅसिटरमधून सूर पहिल्या फिल्टरच्या तोंडाशी दिला. साधा मल्टिमीटर एसीवर काही शे हर्ट्झच्या पुढे भरवशाचा राहत नाही, हे खरं. पण आपल्याला खरा व्होल्टेज नको आहे. त्याच वारंवारतेला, त्याच मीटरने फिल्टरच्या आधी आणि नंतर मोजायचं आणि भागाकार घ्यायचा. मीटरची चूक दोन्हीकडे सारखी असते, ती भागाकारात निघून जाते. शिवाय दोन फिल्टर सारखे असायला हवेत, तर एकमेकांशी ताडून पाहता येतात. महागड्या उपकरणापेक्षा अशी तुलना मला जास्त विश्वासाची वाटते.

५०० हर्ट्झला दोन्ही फिल्टर सारखे. ३ किलोहर्ट्झला एक सिग्नल दोन-तृतीयांशावर आणत होता, दुसरा किंचित वाढवत होता. ६ किलोहर्ट्झला पहिल्यातून जेमतेम पाचवा हिस्सा बाहेर, दुसऱ्यातून दीडपटीहून जास्त. फिल्टर म्हणून बसवलेला भाग आवाज वाढवत होता.

दुसऱ्या फिल्टरमधला ग्राउंडकडे जाणारा कपॅसिटर भिंगाखाली पाहिला. त्यावर ३९१ लिहिलं होतं. हवा होता ३९२. शेवटचा आकडा किती शून्यं द्यायची ते सांगतो : ३९२ म्हणजे ३९०० पिकोफॅरड, ३९१ म्हणजे ३९० पिकोफॅरड. शेजारशेजारच्या पाकिटांतले, एकाच रंगाचे, एकाच आकाराचे नग.

त्याचा परिणाम मात्र ‘दहापट लहान कपॅसिटर’ एवढ्यावर थांबत नाही. कटऑफ सरकून ८.९ किलोहर्ट्झवर गेला. त्याहून वाईट म्हणजे सॅलन-कीमध्ये दोन कपॅसिटरांचं गुणोत्तरच फिल्टरचा आकार ठरवतं. ८.२ आणि ३.९ असताना उतार सपाट आणि सभ्य असतो. ८.२ आणि ०.३९ झाल्यावर क्यू (कटऑफजवळचं शिखर किती टोकदार ते सांगणारा आकडा) ०.७च्या जागी २.३पर्यंत गेला, आणि साडेआठ किलोहर्ट्झजवळ जवळपास अडीचपट उंचीचं शिखर उभं राहिलं. ६.८ किलोहर्ट्झचा क्लॉक या शिखराच्या चढावर पडतो. बरोबर फिल्टरने त्याला सहावा हिस्सा केला असता. इथे तो दुपटीच्या जवळ वाढत होता. एका कपॅसिटरमुळे शिट्टी सुमारे अकरापट मोठी.

किरकिराटाचाही उलगडा इथेच झाला. बीबीडीतून बाहेर पडणाऱ्या सिग्नलबरोबर त्याच्या प्रतिमा येतात. १ किलोहर्ट्झचा सूर असेल तर क्लॉकच्या दोन्ही बाजूंना, ५.८ आणि ७.८ किलोहर्ट्झला, त्याची पडछाया. त्या गाळणं हेही याच फिल्टरचं काम, आणि इथे त्याच वाढवल्या जात होत्या. आधीच्या फिल्टरमध्ये दोष असता तर बेसूरपणा खालच्या पट्ट्यात पडला असता आणि नंतरचा कुठलाच फिल्टर तो काढू शकला नसता. वरच्या पट्ट्यातला किरकिराट आहे की मधल्या पट्ट्यातला बेसूरपणा, हे कानाने ओळखता आलं तर निम्मं शोधकाम वाचतं.

कपॅसिटर बदलला. किरकिराट गेला. शिट्टी त्या बारीक तंतूपुरती उरली.

अडकलेलं शेपूट

रिपीटचा रेझिस्टर परत जोडला आणि मैत्रिणीने नॉब अर्ध्यावर नेला. रिपीट मऊ होत होत पूर्ण विरले. रिपीटच्या वाटेला आम्ही हातही लावला नव्हता. या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच आहे.

एसए५७१मधला कॉम्प्रेसर डेसिबलमध्ये दोनाला एक असं दाबतो आणि एक्स्पांडर एकाला दोन असं उलगडतो. सिग्नल लहान असताना कॉम्प्रेसर त्याला खूप वाढवून बीबीडीच्या खरखरीच्या वर उचलतो. एक्स्पांडर तोच सिग्नल परत खाली आणतो आणि त्याच्याबरोबर खरखरही खाली जाते. दोघांचं गणित तंतोतंत उलट असतं, म्हणून एकूण हिशोब बरोबरीत सुटतो. पण एक्स्पांडर किती खाली आणायचं हे आपल्या रेक्टिफायरला (सिग्नलची पातळी मोजणाऱ्या भागाला) जे दिसतं त्यावरून ठरवतो. त्याला दिसत होती शिट्टी. गिटार विरत गेली तरी शिट्टी तेवढीच, म्हणून एक्स्पांडरला वाटत राहिलं की सिग्नल अजून आहे, आणि त्याने आपला गेन (सिग्नल किती पट करायचा ते प्रमाण) खाली आणलाच नाही. तिकडे कॉम्प्रेसर लहान सिग्नलला मनापासून वाढवत होता. बरोबरी मोडली. मोठ्या आवाजाला वर्तुळाचा गेन एकापेक्षा कमी, म्हणून रिपीट उतरत. लहान आवाजाला तोच गेन एकाच्या वर, म्हणून ते एका पातळीच्या खाली जाऊच शकत नसत. शेपूट अडकायची ती पातळी शिट्टीने ठरवलेली होती.

तिच्या अंदाजाप्रमाणे रिपीटचा रेझिस्टर वाढवला असता तर शेपूट कदाचित गेलंही असतं. त्याबरोबर पूर्ण नॉबवर मिळणारे लांब, स्वतःहून फुलणारे रिपीटही गेले असते, आणि ज्यासाठी ॲनालॉग डिले हवासा वाटतो त्यातली अर्धी मजा त्यातच आहे. खरा दोष तसाच आत राहिला असता, तो वेगळाच.

याच ओघात सांगण्यासारखं : रेक्टिफायरचा कपॅसिटर किती मोठा, यावर ही जोडी किती चपळ हे ठरतं. आतल्या १० किलोओहमशी त्याचा गुणाकार म्हणजे वेळ. १ मायक्रोफॅरडला १० मिलिसेकंद. दोन्ही बाजूंना एकाच किमतीचे कपॅसिटर हवेत, नाहीतर आवाज ‘श्वास घेतल्यासारखा’ फुगतो-आक्रसतो. तिचे बरोबर होते.

बारीक शिट्टी

आता तो ड्राय वाटेतला तंतू. गिटारची केबल काढून इनपुट ग्राउंडला जोडला तर तो कमी होत होता, म्हणजे १ मेगओहमचा उच्च अवरोधाचा इनपुट हवेतून काहीतरी उचलत होता. डब्यात पाहिलं तर वायरी सुबक बांधलेल्या, आणि त्या गठ्ठ्यात इनपुट जॅकची वायर आणि डिलेच्या पॉटच्या वायरी शेजारी शेजारी.

डिलेचा पॉट हा व्हॉल्यूमसारखा शांत नियंत्रक वाटतो. पण व्ही३१०२मध्ये तो ऑसिलेटरच्या रेझिस्टर-कपॅसिटर जाळ्याचाच भाग आहे. त्या वायरींतून प्रत्यक्ष क्लॉक धावत असतो. लाकडी काडीने त्या इनपुटच्या वायरीपासून दूर ढकलल्या आणि तंतू जवळजवळ नाहीसा झाला. वायरी आखूड केल्या, डब्याच्या दुसऱ्या कडेने नेल्या, इनपुटला शील्डेड वायर घातली.

जे अगदी थोडं उरलं ते सप्लायमधून येत होतं. ड्रायव्हरसाठी असलेला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर बोर्डच्या दुसऱ्या टोकाला होता. झटका जिथे होतो तिथेच तो शमवायला हवा, म्हणून १०० नॅनोफॅरड आणि ४७ मायक्रोफॅरड थेट ड्रायव्हरच्या पायांशी बसवले, सप्लायच्या त्या फांदीत १०० ओहमचा रेझिस्टर घातला आणि या भागाचं ग्राउंड स्वतंत्र वायरीने पॉवर जॅकपर्यंत नेलं. रेझिस्टरच्या पुढून ड्रायव्हर आणि बीबीडी दोघांनाही सप्लाय द्यायचा. एकट्या ड्रायव्हरला दिला तर क्लॉकची उंची आणि बीबीडीचा सप्लाय यांत फरक पडतो. सप्लाय किंचित उतरल्यामुळे बायसचा ट्रिमर पुन्हा लावावा लागला. हे विसरलं तर मोठे सूर एका बाजूने फाटतात आणि माणूस नव्या दोषाच्या मागे लागतो.

डिले आणखी लांब हवा म्हटल्यावर

पेडल स्वच्छ झाल्यावर तिचा पुढचा प्रश्न साहजिक होता : ऑसिलेटरचा कपॅसिटर दुप्पट केला तर ६०० मिलिसेकंद मिळतील ना? मिळतील. पण क्लॉक ३.४ किलोहर्ट्झवर येईल, म्हणजे सिग्नलला १.७ किलोहर्ट्झच्या आतच राहावं लागेल. आत्ताचे फिल्टर २.८ किलोहर्ट्झपर्यंत सगळं सोडतात, तेव्हा प्रत्येक रिपीट बेसूर होऊन येईल. फिल्टर दीड किलोहर्ट्झवर आणले तर शिट्टी जाईल, आणि गिटारच्या सुराची धारही जाईल. गिटारच्या चोविसाव्या फ्रेटचा वरचा ई सुर १३१९ हर्ट्झचा. म्हणजे मूळ सुर तेवढा राहील, त्याच्यावरचे हार्मोनिक्स (सुराला धार देणारे वरचे उपसूर) नाहीत. काहींना असा ढगाळ एको आवडतो. माझ्या मते ३०० मिलिसेकंदांची सीमा एका ४०९६ टप्प्यांच्या आयसीला शोभते, त्यापुढे नाही.

योग्य वाट म्हणजे दोन बीबीडी एकामागे एक. ८१९२ टप्प्यांना ६०० मिलिसेकंदांसाठी क्लॉक पुन्हा ६.८ किलोहर्ट्झच लागतो, आणि फिल्टर आहेत तसे चालतात. दुसऱ्या आयसीला स्वतंत्र बायस ट्रिमर लागेल, क्लॉकचा भार दुप्पट होईल, आणि तो ड्रायव्हरला जड गेला तर मध्ये सीडी४०४९चे बफर घालता येतील. एमएन३००५ हा जुना बीबीडी हाताशी असला तरी या बोर्डवर चालणार नाही. टप्पे तेवढेच असले तरी तो पी-चॅनेलचा आहे, त्याची सप्लायची दिशा उलटी.

तिने एकाच आयसीचं पेडल तसंच ठेवलं आहे. ३०० मिलिसेकंदांवर, ॲम्पला कान लावला तर थोडी खरखर अजून ऐकू येते. ती बीबीडीची स्वतःची आहे, आणि वाजवायला लागल्यावर सिग्नलखाली झाकली जाते. दोन आयसींच्या बोर्डचा आराखडा तिने काढायला घेतला आहे. त्यात क्लॉकचा भाग इनपुट जॅकपासून डब्याच्या सगळ्यात दूरच्या कोपऱ्यात आहे, डिलेचा पॉट वायरींशिवाय थेट बोर्डवरच सोल्डर होणार आहे, आणि प्रत्येक फिल्टरच्या आउटपुटला प्रोब टेकवायला एकेक मोकळा पॅड ठेवला आहे. कपॅसिटर मोजायची सोय असलेला मीटर तिने आता टेबलावरच ठेवलेला असतो.